चालू काम न मोडता लॅझरस ४ वर जाताना : डेस्कटॉप अॅप्लिकेशनच्या स्थलांतराची सविस्तर रीत

फ्री पास्कल कंपायलरवर उभी असलेली लॅझरस ही मुक्त स्रोत आयडीई (कोड लिहिणे, बांधणे आणि तपासणे एकत्र करून देणारे साधन) मे २०२५ मध्ये ४.० या आवृत्तीला पोहोचली आणि त्यानंतर त्याच मालिकेत दुरुस्त्यांच्या आवृत्त्याही येऊ लागल्या. एकच सोर्स कोड विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस यांवर स्वतंत्रपणे कंपाइल करून त्या त्या प्रणालीची मूळ बटणे आणि खिडक्या वापरणारे अॅप्लिकेशन तयार करणे, हे लॅझरसचे पहिल्यापासूनचे वैशिष्ट्य आहे. नव्याने शिकणाऱ्याने थेट ४ ची मालिका घ्यावी. त्यात विचार करण्यासारखे फारसे काही नाही. हा लेख आहे तो ज्यांचे २.० किंवा २.२ च्या काळातले अॅप्लिकेशन आजही रोज वापरले जात आहे आणि ज्यांना ते न थांबवता नव्या आवृत्तीवर न्यायचे आहे, त्यांच्यासाठी.

अशा स्थलांतरात आयडीई, तिच्यात बसवलेली पॅकेजेस (तयार घटकांचे संच) आणि आपला प्रकल्प अशा तीन निरनिराळ्या गोष्टी बदलत असतात. तिन्ही एका बैठकीत बदलल्या आणि शेवटी अॅप्लिकेशन बिघडले, तर दोष नेमका कुठे आला हे शोधण्यातच सगळा वेळ जातो. म्हणून नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या जागी न बसवता तिच्या शेजारी, स्वतःच्या वेगळ्या कॉन्फिगरेशनसह बसवावी आणि प्रकल्पाला सर्वांत शेवटी हात लावावा. पुढील सर्व टप्पे याच एका निर्णयावर आधारलेले आहेत.

आधी जुन्या स्थितीची नोंद

जुन्या आयडीईच्या 'हेल्प' मेनूतील 'अबाउट' ही खिडकी उघडून तेथील लॅझरसची आवृत्ती, फ्री पास्कलची आवृत्ती आणि विजेटसेटचे (बटणे आणि खिडक्या दाखवणाऱ्या लायब्ररीचे) नाव टिपून ठेवावे. यातील कंपायलरची आवृत्ती सर्वांत महत्त्वाची आहे. लॅझरस २.२ ही मालिका २०२२ च्या जानेवारीत आली तीच फ्री पास्कल ३.२.२ घेऊन, आणि लॅझरस ४.० सोबतही हाच कंपायलर येतो. म्हणजे २.२ वरून निघणाऱ्याची भाषा आणि कंपायलर बदलत नाहीत. बदलते ती एलसीएल ही घटकांची लायब्ररी आणि आयडीई. याउलट २.० च्या सुरुवातीच्या आवृत्त्या फ्री पास्कल ३.०.४ वर होत्या, त्यामुळे तेथून निघणाऱ्याला कंपायलर आणि लायब्ररी अशा दोन्ही बदलांना तोंड द्यावे लागते. हा फरक आधीच लक्षात असला तर पुढे दिसणाऱ्या त्रुटींचे मूळ ओळखणे बरेच सोपे जाते.

त्यानंतर 'पॅकेज' मेनूतील 'इन्स्टॉल/अनइन्स्टॉल पॅकेजेस' या खिडकीतून बसवलेल्या पॅकेजेसची यादी फाइलमध्ये निर्यात करावी. प्रकल्प गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नसेल तर तो आताच ठेवावा. एलपीआय (प्रकल्पाची माहिती), एलपीआर (मुख्य प्रोग्राम), एलएफएम (फॉर्म) आणि पीएएस (कोड) या विस्तारांच्या फाइली नोंदवाव्यात. एलपीएस ही फक्त सत्राची फाइल असल्याने ती, तसेच 'लिब' आणि 'बॅकअप' ही फोल्डर्स वगळावीत. शेवटी जुन्याच आयडीईत 'रन' मेनूतील 'क्लीन अप अँड बिल्ड' चालवून प्रकल्प पूर्णपणे नव्याने बांधावा आणि संदेशांच्या खिडकीतील सर्व इशारे एका मजकूर फाइलमध्ये जपून ठेवावेत. वर्षानुवर्षे अर्धवट बिल्ड होत आलेला प्रकल्प पूर्ण बिल्डमध्ये जुन्याच आवृत्तीवर अडखळतो, असे पुष्कळदा होते. तसे असेल तर त्याचे खापर नव्या आवृत्तीवर फोडण्यात अर्थ नाही.

नवी आवृत्ती शेजारी बसवणे

विंडोजवर हे काम सोपे आहे. इन्स्टॉलरमध्ये दुय्यम इन्स्टॉलेशन तयार करण्याचा पर्याय असतो. तो निवडल्यावर प्रोग्रामसाठी एक आणि कॉन्फिगरेशनसाठी दुसरे अशी दोन फोल्डर्स विचारली जातात. दोन्हींची नावे आवृत्तीनुसार ठेवावीत आणि मार्गात रिकामी जागा येऊ देऊ नये, कारण कमांड लाइनवर चालणारी काही जुनी साधने अशा जागेशी आजही अडतात. या पर्यायामुळे इन्स्टॉलर प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये 'लॅझरस डॉट सीएफजी' नावाची एक छोटी फाइल ठेवतो. तिच्यात कॉन्फिगरेशनचा मार्ग एका ओळीत लिहिलेला असतो आणि आयडीई सुरू होताना ती ओळ वाचते. हा पर्याय न निवडल्यास दोन्ही आवृत्त्या वापरकर्त्याच्या एकाच कॉन्फिगरेशन फोल्डरवर लिहू लागतात आणि मग एकीने केलेले बदल दुसरी मोडते. ६४ बिटच्या आयडीईतून ३२ बिटचे अॅप्लिकेशन बांधायचे असेल, तर त्यासाठीचा स्वतंत्र पूरक इन्स्टॉलरही त्याच आवृत्तीचा घेऊन त्याच फोल्डरवर चालवावा.

लिनक्सवर थोडी अधिक काळजी लागते. डेबियन आणि उबुंटू यांच्यासाठी प्रकल्पाकडून तीन पॅकेजेस मिळतात : कंपायलरचे, कंपायलरच्या सोर्सचे आणि लॅझरसचे. ती याच क्रमाने बसवायची असतात आणि वितरणाच्या भांडारातून आलेला फ्री पास्कल त्यापूर्वी काढून टाकावा लागतो, नाहीतर एकाच यंत्रावर दोन कंपायलर आणि दोन 'एफपीसी डॉट सीएफजी' फाइली नांदू लागतात. मात्र ही पॅकेजेस संपूर्ण प्रणालीसाठी एकच आवृत्ती बसवतात, त्यामुळे शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय त्यांत नाही. ती हवी असेल तर लॅझरस ४ चा सोर्स आपल्या होम फोल्डरमध्ये उघडून, आधीपासून असलेल्या फ्री पास्कल ३.२.२ ने 'मेक' कमांडला 'बिगआयडीई' हे लक्ष्य देऊन आयडीई बांधावी आणि वर सांगितल्याप्रमाणे सीएफजी फाइल स्वतः लिहावी. हे सारे स्वतः करायचे नसेल, तर एफपीसीअपडिलक्स हे साधन कंपायलर, आयडीई आणि कॉन्फिगरेशन एकाच निवडलेल्या फोल्डरमध्ये बसवून देते. वारंवार आवृत्त्या पारखून पाहणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवेन.

मॅकओएसवर आधी अॅपलची कमांड लाइन साधने बसवावी लागतात, मग कंपायलर, त्याचा सोर्स आणि लॅझरस. अॅपल सिलिकॉनसाठीचा आधार फ्री पास्कल ३.२.२ मध्येच आलेला आहे. कार्बन विजेटसेटवरचे जुने ३२ बिटचे अॅप्लिकेशन असेल तर ते २०१९ च्या कॅटालिनापासून चालतच नाही. त्यामुळे मॅकची मूळ बटणे आणि खिडक्या हव्या असतील तर तेथे कोकोआ हाच मार्ग उरतो.

पहिली सुरुवात

नवी आयडीई पहिल्यांदा उघडल्यावर कंपायलर, सोर्स, मेक आणि डीबगर यांचे मार्ग तपासणारी खिडकी येते. एखाद्या टॅबवर इशाऱ्याचे चिन्ह दिसत असेल तर पुढे जाण्याची घाई न करता तो मार्ग तेथेच दुरुस्त करावा. विशेषतः कंपायलरच्या सोर्सचा मार्ग चुकला तरी अॅप्लिकेशन कंपाइल होते, पण कोड पूर्ण करून देण्याची आणि घोषणेवर उडी मारण्याची सुविधा मध्येच दगा देते आणि त्याचे कारण पुढे कित्येक दिवस लक्षात येत नाही. विंडोज आणि लिनक्सवर डीबगर म्हणून एफपीडीबग ठेवावा. तो पास्कलचेच प्रकार ओळखून त्यांची मूल्ये दाखवतो. मॅकओएसवर एलएलडीबी लागतो.

सगळ्या खिडक्या सुट्या तरंगत ठेवायच्या की एकाच चौकटीत डॉक करायच्या, हे आता याच सुरुवातीच्या खिडकीत ठरवता येते. एवढी वर्षे त्यासाठी वेगळी पॅकेजेस बसवून आयडीई पुन्हा बांधावी लागत असे, आणि सुट्या खिडक्यांचा तो पसारा पाहून नवे लोक पहिल्याच दिवशी परत जात. एकाच पडद्यावर काम करणाऱ्याने डॉक केलेली मांडणी निवडावी.

जुन्या कॉन्फिगरेशनवर नवी आयडीई उघडली गेली, तर 'अपग्रेड' करायचे का असा प्रश्न येतो. शेजारी बसवण्याचा मार्ग नीट पाळला असेल तर हा प्रश्न येताच कामा नये. तो आलाच तर बाहेर पडून सीएफजी फाइल पुन्हा तपासावी.

पॅकेजेस : खरा वेळ येथे जातो

लॅझरसमध्ये डिझाइनरवर दिसणारे घटक हे आयडीईतच जोडले गेलेले असतात. एखादे पॅकेज बसवायचे म्हणजे ते जोडून संपूर्ण आयडीई नव्याने बांधायची. बसवलेल्या पॅकेजेसची नावे कॉन्फिगरेशन फोल्डरमधील 'स्टॅटिकपॅकेजेस डॉट आयएनसी' या फाइलीत असतात. ही रचना कळली की एका पॅकेजच्या एका ओळीतील चुकीने सगळी आयडीईच का बांधली जात नाही, हेही कळते. त्यामुळे निर्यात केलेली जुनी यादी एकदम आयात करण्याचा मोह टाळावा आणि ती केवळ संदर्भासाठी समोर ठेवावी.

आधी त्या यादीतून लॅझरससोबत येणारी पॅकेजेस वेगळी काढावीत. सिनएडिट, लॅझरिपोर्ट, टीएचार्ट अशी पॅकेजेस नव्या आवृत्तीत तिच्याच जोडीची मिळतात आणि त्यांची जुनी प्रत कुठूनही आणायची नसते. त्यानंतर उरतात ती बाहेरची, उदाहरणार्थ झिओस (डेटाबेस जोडणीसाठी) किंवा बीजीआरएबिटमॅप (चित्रे रंगवण्यासाठी). ती ऑनलाइन पॅकेज मॅनेजरमध्ये असतील तर तेथूनच घ्यावीत. एका वेळी एकच पॅकेज निवडावे, प्रथम ते नुसते कंपाइल करून पाहावे, ते निर्विघ्न झाले तरच 'यूज' खालील 'इन्स्टॉल' दाबावे आणि आयडीई बांधून ती पुन्हा उघडते याची खात्री करूनच पुढच्याकडे वळावे. हे कंटाळवाणे आहे, पण दहा पॅकेजेस एकत्र जोडून अडकल्यावर करावी लागणारी उलटतपासणी याहून कितीतरी कंटाळवाणी असते.

बांधणीनंतर आयडीई उघडतच नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. नवा प्रोग्राम तयार होताना आधीच्या प्रोग्रामला 'ओल्ड' असे नाव देऊन तो त्याच फोल्डरमध्ये ठेवला जातो. तो चालवावा, शेवटचे पॅकेज यादीतून काढावे आणि पुन्हा बांधावे.

या टप्प्यावर दोन त्रुटी वारंवार भेटतात. एखादे युनिट सापडत नाही असा संदेश आला आणि ते युनिट डिस्कवर प्रत्यक्ष असले, तर बहुधा पॅकेज आपल्या प्रकल्पाच्या 'रिक्वायर्ड पॅकेजेस'मध्ये नसते. प्रोजेक्ट इन्स्पेक्टरमध्ये ते जोडावे. शोधमार्गात ते फोल्डर हाताने घालून वेळ मारून नेणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण मग एकाच युनिटच्या कंपाइल झालेल्या दोन प्रती तयार होतात आणि त्यातूनच दुसरी त्रुटी जन्मते : चेकसम बदलल्याची तक्रार किंवा पीपीयूची (कंपाइल झालेल्या युनिटच्या फाइलीची) आवृत्ती जुळत नसल्याची तक्रार. तिच्यावर एकच उपाय आहे. जुन्या कंपायलरने मागे ठेवलेल्या पीपीयू आणि ओ विस्ताराच्या सर्व फाइली पुसून पूर्ण बिल्ड करावा.

आपल्या स्वतःच्या पॅकेजचा कोड दोन्ही आवृत्त्यांवर चालवायचा असेल, तर 'एलसीएलव्हर्जन' या युनिटमधील 'एलसीएल_फुलव्हर्जन' हा स्थिरांक सशर्त कंपाइलसाठी वापरावा. आवृत्तीचे चार भाग एकामागोमाग, पहिला सोडून प्रत्येकी दोन अंकांत लिहून तो तयार होतो, त्यानुसार २.२.६ साठी तो २०२०६०० असतो आणि ४.० साठी ४००००००.

आता प्रकल्प

गिटमध्ये वेगळी शाखा काढून प्रकल्प नव्या आयडीईत उघडावा, पण काहीही जतन करण्यापूर्वी पूर्ण बिल्ड करावा. आधी जपून ठेवलेले इशारे आणि आताचे इशारे शेजारी ठेवून फक्त नवे तेवढे वाचावेत. कालबाह्य म्हणून खूण केलेल्या रूटीनचे इशारे आजच दुरुस्त करणे अनिवार्य नसले तरी करावे, कारण अशी रूटीन पुढच्या एखाद्या आवृत्तीत काढून टाकली जातात आणि तेव्हा इशाऱ्याची थेट त्रुटी होते.

त्यानंतर प्रत्येक फॉर्म एकदा उघडून, काहीही न हलवता जतन करावा आणि गिटमधील फरक पाहावा. एलएफएम ही साधी मजकूर फाइल असल्यामुळे हा फरक सहज वाचता येतो. 'एलसीएलव्हर्जन' या ओळीतील आकडा बदललेला दिसेल. ते अपेक्षितच आहे. पण त्यासोबत 'डिझाइनटाइमपीपीआय' ही ओळ नव्याने आली असेल आणि प्रत्येक घटकाचे 'लेफ्ट', 'टॉप', 'विड्थ' आणि 'हाइट' बदलले असतील, तर फॉर्म मूळ पडद्यापेक्षा वेगळ्या घनतेच्या पडद्यावर उघडला गेला असा त्याचा अर्थ होतो. ही ओळ ज्या फॉर्ममध्ये नसते तो ९६ पीपीआयचा (इंचाला ९६ बिंदूंचा) धरला जातो आणि आयडीई तो आताच्या पडद्याच्या मापात आणून तसाच जतन करते. म्हणून एका संघाने फॉर्मची कामे शक्यतो सारख्याच घनतेच्या पडद्यावर करावीत आणि स्थलांतरामुळे झालेले असे यांत्रिक बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवावेत, म्हणजे पुढच्या खऱ्या बदलांचा फरक या आकड्यांच्या गर्दीत हरवणार नाही. 'प्रोजेक्ट ऑप्शन्स'मध्ये एलसीएलच्या स्केलिंगचा पर्याय चालू आहे आणि विंडोजसाठीची डीपीआय जाणीव योग्य निवडली आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावे. १.८ पूर्वीच्या प्रकल्पांत ही सोयच नव्हती, त्यामुळे तेथे ती बंदच सापडते.

नव्या आवृत्तीत जतन केलेला फॉर्म जुन्या आयडीईत उघडल्यास अनोळखी गुणधर्माची त्रुटी येऊ शकते. याचाच अर्थ असा की संघातील एक जण ४ वर आणि दुसरा २ वर अशी स्थिती एकाच शाखेवर फार दिवस चालू ठेवता येत नाही. 'मिसलेनियस' पानावर प्रकल्प फाइली जुन्या आवृत्तीशी सुसंगत ठेवण्याचा पर्याय आहे खरा, पण तो एलपीआय आणि एलपीएस यांच्यापुरता आहे. फॉर्मना त्याचे संरक्षण मिळत नाही.

प्रकल्पात बिल्ड मोड नसतील तर 'डीबग' आणि 'रिलीज' असे दोन मोड आता तयार करून घ्यावेत. त्यासाठी आयडीईत एक बटणच आहे. डीबग मोडमध्ये मर्यादा, ओव्हरफ्लो आणि असर्शन या तपासण्या चालू ठेवाव्यात, ड्वार्फ ३ प्रकारची डीबग माहिती घ्यावी आणि हीपट्रेस ही स्मृतीची तपासणीही चालू करावी. या मोडमध्ये अॅप्लिकेशनची रोजची सगळी कामे एकदा करून पाहावीत. इतकी वर्षे मुकाट्याने चाललेला सूचीबाहेरचा प्रवेश येथे पकडला जातो. तो नव्या आवृत्तीने आणलेला नसतो, तर तपासणी बंद असल्याने आजवर दिसला नव्हता. हीपट्रेसचा अहवाल फाइलीत घेऊन आयडीईच्या 'लीक्स अँड ट्रेसेस' या खिडकीत उघडला, तर मोकळी न केलेली स्मृती कोणत्या ओळीवर घेतली होती तेही दिसते.

लिनक्सवरचा विजेटसेट

लिनक्सवर अॅप्लिकेशन बांधताना आपोआप निवडला जाणारा विजेटसेट अजूनही जीटीके २ आहे. जीटीके ४ डिसेंबर २०२० मध्ये आले तेव्हाच जीटीके २ ची देखभाल थांबली, आणि ते वेलँडवर (लिनक्सवरील पडदा हाताळणाऱ्या नव्या प्रणालीवर) स्वतः चालत नसल्याने त्यासाठी मधला एक्स११ चा थर लागतो. आज ते चालते. पण पुढची काही वर्षे जगायचे असलेल्या अॅप्लिकेशनसाठी क्यूटी ५ किंवा क्यूटी ६ हा विजेटसेट आताच पारखून ठेवावा, असे माझे मत आहे. 'प्रोजेक्ट ऑप्शन्स'मधील 'अॅडिशन्स अँड ओव्हरराइड्स' या पानावर 'एलसीएलविजेटटाइप' बदलून दुसरा बिल्ड मोड तयार करता येतो; कोड तोच राहतो. अट एवढीच की पास्कल आणि क्यूटी यांना जोडणारी 'लिबक्यूटी५पास' किंवा 'लिबक्यूटी६पास' ही लायब्ररी वापरकर्त्याच्या यंत्रावरही असली पाहिजे. स्वतः रंगवलेले घटक, ग्रिडमधील ओळींची उंची आणि खिडकीची ठरावीक जागा लक्षात ठेवणारा कोड, या तीन ठिकाणी विजेटसेटमधील फरक सर्वांत आधी दिसतो, म्हणून चाचणीही तेथूनच सुरू करावी.

देवनागरी मजकुराची चाचणी

२.० च्याही आधीपासून चालत आलेला कोड असेल तर स्ट्रिंगकडे वेगळे लक्ष द्यावे. एलसीएलमधील साधी स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये असते आणि पास्कलचे 'लेंग्थ' हे फंक्शन बाइट मोजते. देवनागरीचा प्रत्येक कोडबिंदू तीन बाइटचा असल्यामुळे 'नमस्कार' या शब्दाची 'लेंग्थ' २१ येते. 'लॅझयूटीएफ८' युनिटमधील 'यूटीएफ८लेंग्थ' तीच लांबी ७ सांगते, कारण ते कोडबिंदू मोजते आणि त्यात हलंत व काना स्वतंत्र धरले जातात. वाचणाऱ्याला मात्र चारच अक्षरे दिसतात. रकान्याच्या रुंदीसाठी मजकूर ठरावीक लांबीवर 'कॉपी' करून तोडणारा जुना कोड कोडबिंदूच्या मधोमध कापतो आणि छापील अहवालात प्रश्नचिन्हे किंवा चौकोन उमटतात. तेथे 'यूटीएफ८कॉपी' वापरावे. आणि त्यानेही शेवटी लोंबकळता हलंत उरू शकतो हे ध्यानात घेऊन मजकूर तोडण्याऐवजी पडद्यावर त्याची प्रत्यक्ष रुंदी मोजणे अधिक चांगले. लॅटिन लिपीतील नमुना नोंदींवर केलेली चाचणी यातले काहीही पकडणार नाही. चाचणीच्या नोंदींत जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार मुद्दाम घालावेत.

वापरकर्त्याकडे देताना

रिलीज मोडमध्ये डीबगची चिन्हे काढून टाकणे आणि स्मार्ट लिंकिंग चालू ठेवणे या दोन गोष्टींनी फाइलचा आकार कित्येक पटींनी उतरतो. लॅझरसचा प्रोग्राम अवाढव्य होतो ही जुनी तक्रार बहुतेक वेळा डीबग बिल्ड तसाच वाटल्यामुळे होते. मात्र चिन्हे काढण्यापूर्वी ती वेगळ्या फाइलीत ठेवण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर वापरकर्त्याकडून आलेल्या त्रुटीच्या पत्त्यांवरून ओळ शोधता येत नाही. बांधणी आयडीईतून हाताने न करता लाझबिल्ड या कमांड लाइनवरील साधनाला एलपीआय फाइल आणि बिल्ड मोडचे नाव देऊन करावी, आणि त्या स्क्रिप्टमध्ये लाझबिल्डचा संपूर्ण मार्ग लिहावा. एकाच यंत्रावर दोन आवृत्त्या असताना नुसत्या नावाने कोणता लाझबिल्ड चालेल याचा भरवसा नसतो. लाझबिल्डलाही कॉन्फिगरेशनचा मार्ग प्राचल म्हणून देता येतो आणि येथे तो जरूर द्यावा. एसक्यूलाइट किंवा अन्य डेटाबेसची डीएलएल सोबत देत असाल, तर ती अॅप्लिकेशनच्याच बिटची हवी. ३२ वरून ६४ वर जाताना ही गोष्ट हमखास राहून जाते आणि मग डीएलएल समोर असूनही ती सापडत नसल्याचा संदेश येतो.

जुनी आयडीई लगेच काढू नये. वापरात असलेल्या जुन्या आवृत्तीतील एखादी तातडीची दुरुस्ती जुन्याच साधनांनी करून द्यावी लागते. शेवटच्या वापरकर्त्याकडे नवा बिल्ड पोहोचला की जुन्या आयडीईचे प्रोग्राम फोल्डर आणि तिचे कॉन्फिगरेशन फोल्डर अशी दोन्ही पुसावीत. विंडोजवर एलपीआय फाइल दोनदा क्लिक केल्यावर ती कोणत्या आयडीईत उघडते हे तेव्हा तपासून घ्यावे, कारण ती जोडणी बहुधा जुन्या मार्गाकडेच बोट दाखवत राहिलेली असते.